अक्का, खुर्ची घेऊन ये

जळगाव

ती. अक्का,


परवा फोनवर मी योगाच्या वर्गाचं नाव काढलं आणि तू एका वाक्यात विषय मिटवलास, "आते माले काही जमाव नही." मग आजार मोजून दाखवलेस. शुगर, बीपी, उजवा गुडघा, कंबर आणि मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला तेव्हापासून मनात बसलेली धास्ती. त्यातलं काहीच खोटं नाही. पण एवढे आजार आहेत म्हणून घरातच बसायचं, हे जे तू त्यावरून ठरवलंस ते मला पटलेलं नाही. फोनवर तू "बरं बरं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं छापायला देते आहे, कारण हे दुखणं तुझ्या एकटीचं नाही. धुळ्याच्या गल्ल्यांमधून, जळगावच्या कॉलन्यांमधून, पारोळा, एरंडोल, अमळनेरच्या जुन्या घरांमधून तुझ्या वयाची किती माणसं हेच बोलून ओट्यावर बसून राहिली आहेत. मुलं पुण्याला, सुरतेला, नाशिकला. घरात औषधांचा डबा, टीव्ही आणि न संपणारी दुपार.

देशातल्या वयस्क माणसांच्या तब्येतीची एक मोठी पाहणी 2017-18 मध्ये झाली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. 72 हजारांहून जास्त माणसांशी बोलून, त्यांना तपासून ती केली गेली. तिच्यात असं दिसलं की, साठी ओलांडलेल्या निम्म्याहून जास्त माणसांना कुठला ना कुठला जुनाट आजार आहे. म्हणजे तू अपवाद नाहीस, तू बहुसंख्यांतली आहेस. म्हाताऱ्या माणसांसाठीचा वर्ग जर धडधाकट माणसांसाठीच असेल, तर तो निम्म्याहून कमी माणसांसाठीच झाला. असा वर्ग मुळात तुझ्यासारखीला समोर ठेवूनच घ्यायला हवा, आणि चांगला वर्ग तसाच घेतला जातो.

तू पडलीस त्यानंतर काय झालं ते आठव. हाड मोडलं नाही, मुका मार होता, तो महिन्याभरात गेला. भीती मात्र गेली नाही. भाजीला जाणं बंद झालं, शेजारची मुलगी भाजी आणून देऊ लागली. एकवीरा देवीला मंगळवारी जायचीस, तेही सुटलं. गच्चीवर पापड वाळत घालायला जाणंही थांबलं. भीतीपोटी हालचाल कमी केली की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ढिले पडतात, घोट्यांची चपळाई जाते, तोल सांभाळायची सवय मोडते, आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. जपून बसणारं माणूस असं जास्त धोक्यात येतं. गुडघ्याचंही तेच. गुडघ्यावर येणारा भार मांडीच्या पुढचा स्नायू तोलून धरतो. तो अशक्त झाला की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. शुगरचा संबंध तर तुला डॉक्टरांनीही सांगितला असेल. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कमरेखालचे. त्यांना काम दिलं नाही तर गोळ्या एकट्या किती पुऱ्या पडणार?

आता आमच्या जळगावच्या वर्गात काय चालतं ते सांगते, कारण तुझ्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा योग आहे. तिथे पंचविशीतली मुलं डोक्यावर उभी राहतात, पाय मानेमागे नेतात. ते पाहून तुला 'जमाव नही' वाटलं तर नवल नाही. आमच्याकडे तसलं काही होत नाही.

कॉलनीच्या ओपन स्पेसवर, कडुनिंबाच्या झाडांखाली सकाळी माणसं जमतात. कुणी एसटीतून रिटायर झालेलं, कुणी शाळेतून, कुणी जिनिंगमध्ये जन्मभर काम केलेलं, बऱ्याच जणी घरसंसार केलेल्या. एकाची बायपास झाली आहे. एकीचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. एकीला पार्किन्सन्स आहे, तिचा हात थरथरतो. तीन ओळी होतात. पुढच्या ओळीत सतरंजीवर बसू शकणारे, मधल्या ओळीत खुर्चीवाले, आणि मागे उभ्यानेच करणारे. कुणी कुठल्या ओळीत बसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ते रोज बदललं तरी चालतं. गुडघा दुखत असेल त्या दिवशी सतरंजीवरची खुर्चीवर जाते, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सुरुवात प्रार्थनेने आणि ओंकाराने. मग शिथिलीकरण, म्हणजे मान, खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे हळूहळू मोकळे करणं. तुझ्या गुडघ्याला आधी एवढंच पुरे आहे. त्यानंतर उभ्याने ताडासन. टाचा उचलायच्या, हात वर, श्वास आत. ज्याला तोल जाण्याची भीती आहे त्याने खुर्चीच्या पाठीला एक हात धरून करायचं. मग आधाराने एका पायावर उभं राहणं, आधी दोन श्वास, पुढे चार. वृक्षासनाचं हे सोपं रूप मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण जिन्याची पायरी चढताना, मोरीच्या उंबऱ्यावरून पाय टाकताना, परकर नेसताना माणूस क्षणभर एका पायावरच असतं. पडणं होतं ते त्या क्षणी. मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं आणि बसणं. हे कुठल्या ग्रंथातलं आसन नाही, पण आमचे सर ते रोज करून घेतात. पहिल्यांदा करताना मांड्या थरथरतात. काही आठवडे गेले की संडासातून, बसमधून, लग्नाच्या पंगतीतून उठताना फरक कळतो. शेवटी अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शवासन. खाली झोपता येत नाही ते खुर्चीवर पाठ टेकून, डोळे मिटून शवासन करतात.

हे सगळं घरीही करता येईल, मोबाईलवर बघून, हे तू म्हणणार हे मला माहीत आहे. नियम पाळून रोज घरी करणारी माणसं आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण बहुतेकांचं घरी सुटतं. आज पाहुणे, उद्या लाइट नाही, परवा अंगात कणकण, आणि सतरंजी माळ्यावर जाते. उन्हाळ्यात बिबडे करायला आपल्याकडे कुणी एकटी बसायची का? ज्वारीचं पीठ शिजवायला एक, थापायला चौघी, गच्चीवर घालायला पोरी, आणि काम कधी संपलं ते कळायचं नाही. अवघड काम चारचौघींत हलकं होतं, हे आपल्या आईने आपल्याला न सांगता शिकवलं. वर्गात तेच घडतं. तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी बाई शेजारी टाचा उचलते, तेव्हा तुझ्याही टाचा उचलल्या जातात. अंग सगळ्यांचंच दुखतं, म्हणून दुखण्याची लाज वाटत नाही. कुणाला काय झेपत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी कुणाला ओढत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, तिथे तुझी वाट पाहिली जाते. आमच्यातले एक आजोबा एके सकाळी आले नाहीत. फोन लागला नाही, तेव्हा दोघे त्यांच्या घरी गेले. त्यांची शुगर खाली गेली होती, घामाने भिजून पलंगावर पडले होते. वेळेवर साखरपाणी मिळालं, डॉक्टर आले आणि ते सावरले. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी रोज सकाळी कुणीतरी आपली हजेरी मनात घेतं, हे औषधाइतकंच मोलाचं आहे. भाऊजी गेल्यापासून दिवसभरात तू किती माणसांशी बोलतेस हे मी विचारत नाही, मला अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये सांगितलं की, जगातल्या दर सहा माणसांपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि त्याचा परिणाम शरीरावरही होतो. वर्ग संपल्यावर आमची माणसं लगेच उठत नाहीत. कुणी डिंकाचा लाडू आणतं, कुणी नातवाच्या निकालाचे पेढे. आठवड्यातून एकदा विनोबांच्या 'गीता प्रवचने'मधली दोन पानं वाचतात. ती प्रवचनं तुझ्याच गावच्या, धुळ्याच्या तुरुंगात, 1932 साली, दर रविवारी झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कैदेतल्या माणसांनीही रविवारी एकत्र बसायचं ठरवलं होतं. आपल्याला तर दारं उघडी आहेत.

उघड्यावर का, बंद हॉलमध्ये का नाही, हा तुझा दुसरा प्रश्न असेल. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, आणि रात्री झोप वेळेवर लागते. दिवसभर खोलीत, ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची झोप बिघडते, त्याचं हे एक मोठं कारण आहे. रात्री तीनला तू जागी असतेस ना, त्याच्यासाठी सांगते. मोकळ्या जागेत नजर लांब जाते, झाडाच्या शेंड्यापर्यंत, आणि मान वर होते. घरात ती दिवसभर खाली असते. आणि मातीची जमीन फरशीसारखी सपाट नसते, त्यामुळे पावलं आणि घोटे बारीक बारीक सावरायला शिकतात. एक गैरसमज मात्र काढून टाक. भल्या सकाळच्या कोवळ्या उन्हाने 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघते असं लोक म्हणतात, पण ते ज्या किरणांमुळे तयार होतं ती सूर्य वर आल्यावर जास्त असतात. तुझं तपासणीत कमी निघालं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यायचंच.

आपल्या खान्देशचं हवामान सांभाळूनच हे करावं लागतं. मे महिन्यात जळगाव 45 अंशांच्या घरात जातं, धुळंही फार मागे नसतं. त्या दिवसांत वर्ग उजाडता उजाडता सुरू व्हावा आणि ऊन चढायच्या आत संपावा, आणि येताना पाण्याची बाटली हवीच. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते, म्हणून तहान लागायची वाट पाहायची नाही. हिवाळ्यात उलट. धुळ्याची थंडी तू मला सांगायची गरज नाही, पांझरेवरून येणारा वारा मीही अनुभवला आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावरच वर्ग घ्यावा. कानटोपी, स्वेटर आणि मोजे घालून यावं. पावसाळ्यात शेवाळावरून घसरण्याचा धोका असतो, त्या काळात देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा मागून घ्यावा. जागा बदलली तरी चालेल, वर्ग मोडू देऊ नये.

अक्का, योग ही आपल्याकडे बाहेरून आलेली नवी टूम आहे असं वाटत असेल तर अमळनेर आठव. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, आपल्या मामाचं अमळनेर. ज्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेलं ते स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, तिथे खान्देश शिक्षण मंडळात शिकवत होते आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आसनांनी आणि श्वासाच्या क्रियांनी शरीरात नक्की काय घडतं, हे त्यांना श्रद्धेवर सोडायचं नव्हतं. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उपकरणं लावून तपासण्या केल्या, आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा कुवलयानंदांनी त्यांना आसनांचं मार्गदर्शन केलं आणि दोघांचा पत्रव्यवहार झाला. गांधीजी तेव्हा 57 वर्षांचे होते. आजारी माणसाने, वयाने उतरणीला लागलेल्या माणसाने, आपल्या प्रकृतीला बेतून योग करायचा ही वाट अशी शंभर वर्षांची आहे, आणि ती घालणारा माणूस आपल्या मातीतल्या शाळेत शिकवून गेलेला आहे. जे मोजता येतं ते मोजायचं आणि जेवढं खरं निघालं तेवढंच सांगायचं, हा त्यांचा बाणा मला फार मोलाचा वाटतो. म्हणून तुलाही तेवढंच सांगते.

खरं काय निघालं आहे? साठीच्या पुढच्या माणसांवर झालेल्या सहा चाचण्यांचा एकत्र आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. योगामुळे तोल थोडा सुधारतो आणि चालणं-उठणं-बसणं त्याहून जास्त सुधारतं, असं त्यात दिसलं. जुन्या कंबरदुखीसाठी योगाने काही महिन्यांत हालचाल काहीशी सोपी होते, असंही अभ्यास सांगतात. आपल्या देशात 24 ठिकाणी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त बरी वाटू लागली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. पण पुन्हा अटॅक येणं किंवा मृत्यू यांत खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये 65 वर्षांपुढच्या, दोन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्या 454 जणांवर चाचणी झाली. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, काहींचा वर्ग ऑनलाइन. 2024 मध्ये आलेल्या अहवालात म्हटलं आहे की, वर्षभरात जीवनमानाच्या मोजमापात म्हणावा असा फरक पडला नाही, पण त्या योगामुळे कुणाला गंभीर इजाही झाली नाही. हे वाचून मी निराश झाले नाही. तुझ्यासारख्या माणसाला सांभाळून करून घेतलेला योग सुरक्षित असतो, हे त्यातून कळलं. आणि आठवड्यातून एकदा एवढ्यावर फार अपेक्षा ठेवू नये, हा धडाही मी त्यातून घेतला.

म्हणून कुणी "योगाने शुगर मुळापासून जाते, गोळ्या बंद करा" असं म्हणालं तर तिथून उठून यायचं. गोळी बंद करायची की कमी करायची, हे डॉक्टरच ठरवतील, तुझे आकडे बघून. योगाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, हळू लांब श्वासाने मन शांत होतं, पाय बळकट होतात. बीपीच्या गोळीची जागा तो घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला असा आहे की, 65 वर्षांपुढच्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. आपल्या वर्गातून दुसरा भाग चांगला साधतो. पहिल्यासाठी थोडं चालणं जोडावं. आमच्यातले काही जण मेहरूण तलावावर संध्याकाळी जातात, बाकीचे कॉलनीतच फेऱ्या मारतात.

आता तुझ्यापुरत्या सूचना लिहिते. हा भाग कापून फ्रिजवर लाव आणि पहिल्या दिवशी तुझ्या वर्गातल्या सरांना वाचून दाखव.

बीपी आहे, तर श्वास रोखून धरायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका असे वेगाचे प्रकार तुझ्यासाठी नाहीत. डोकं कमरेखाली जाईल असं वाकायचं नाही. झोपलेल्या स्थितीतून उठताना आधी कुशीवर वळायचं, हाताच्या आधाराने बसायचं, चार श्वास घ्यायचे, मगच उभं राहायचं. झटकन उठलीस तर डोळ्यांपुढे अंधारी येईल, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना ती लवकर येते.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी यायचं नाही. गोळी कधी, खाणं कधी, हे डॉक्टरांना विचारून सकाळच्या वेळेशी जुळवून घे. पिशवीत साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा असू दे, आणि तो आहे हे शेजारणीला सांगून ठेव. एकाएकी घाम सुटला, हात थरथरले, जीव घाबरा झाला तर लगेच खायचं आणि बसायचं. तळपायांना मुंग्या येतात म्हणालीस ना, मग अनवाणी मुळीच नाही. आपल्याकडच्या मैदानांवर सराटे असतात. तुला काटा टोचल्याचं कळायचं नाही आणि जखम चिघळेल. घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट घाल.

गुडघ्यासाठी वज्रासन नको, मांडी घालायचा हट्टही नको. तू खुर्ची घेऊन ये. चाकांची नको, घसरणारी नको, चारही पाय जमिनीवर नीट टेकणारी. कमरेसाठी, आणि हाडं ठिसूळ असतील तर विशेषच, पायाचे अंगठे धरायला पुढे वाकायचं नाही आणि झटका देऊन वळायचं नाही. ठिसूळ हाडांत मणका अशानेच दबतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला असेल तर डोकं खाली जाणारं कुठलंही आसन वर्ज्य, त्याने डोळ्यातला दाब वाढतो. साडी नेसून येणाऱ्याही आमच्यात आहेत, पण निरीत पाय अडकतो, सलवार-कमीज बरा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दाब आला, धाप लागून बोलता येईना, डोकं गरगरलं, तर तिथेच थांबायचं आणि सांगायचं. आपल्या पिढीच्या बायका सोसतात आणि गप्प राहतात. वर्गात सोसणं हा गुण नाही. ताण जाणवावा इतपत करायचं, दुखायला लागायच्या आत थांबायचं.

देवपुरात तुझ्या घराजवळ असा वर्ग नसेल तर सुरू करता येतो. त्याला फार लागत नाही. महापालिकेची एक ओपन स्पेस किंवा देवळाचं आवार, झाडांची सावली, जवळ एक स्वच्छ संडास. संडासाचं मुद्दाम लिहिते आहे. लघवीला वारंवार जावं लागतं म्हणून किती बायका घराबाहेर पडत नाहीत, आणि हे त्या कुणाला सांगत नाहीत. पंचवीस माणसं असली तर आठ-दहा खुर्च्या. शिकवणारा असा हवा की जो पहिल्या दिवशी आसन न करवता प्रत्येकाचे आजार, ऑपरेशनं, गोळ्या विचारून वहीत लिहून घेईल. ज्याने विचारलं नाही त्याच्याकडे जायचं नाही, तो कितीही नावाजलेला असो. त्याच वहीत प्रत्येकाच्या मुलाचा किंवा शेजाऱ्याचा फोन नंबर हवा. एकाच्या मोबाईलमध्ये 108 चा नंबर आणि एकाला जवळच्या दवाखान्याचा रस्ता माहीत असावा. बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात तपासून मिळते, महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून जावं आणि आकडे आपापल्या वहीत उतरवावेत. कुवलयानंदांसारखं मोजून बघायचं. काही महिन्यांनी फायदा झाला की नाही ते वहीच सांगेल.

तुझ्या मुलांनाही या पत्रातून सांगते. आईला मोबाईल दिलात, औषधं घरपोच येतात, महिन्याला पैसे येतात, हे सगळं चांगलं आहे. पण आईला सकाळी घराबाहेर नेणारं माणूस तुम्ही शोधून द्या. पहिले पंधरा दिवस रिक्षा ठरवून द्या. दर रविवारी फोनवर "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" यासोबत "वर्गाला गेली होतीस का, कोण कोण आलं होतं" हेही विचारा. तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल. आणि नगरसेवकांनाही सांगणं आहे. बागेत 21 जूनला मांडव घालून एक दिवस योग दिन साजरा करणं सोपं आहे. त्यापेक्षा वर्षभर म्हाताऱ्या माणसांना बसायला कठडे असलेले बाक, घसरणार नाही अशी पायवाट, रात्रीचे दिवे आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह दिलंत, तर सकाळी सहाला ती बाग आपोआप भरेल.

अक्का, तुझे आजार जाणार नाहीत. त्यातले बरेचसे या वयात सोबतच राहायला आलेले आहेत. पण मोरीचा उंबरा न घाबरता ओलांडणं, मंगळवारी एकवीरेच्या पायऱ्या चढणं, रात्री सलग चार-पाच तास झोप लागणं आणि सकाळी कुणीतरी नावाने हाक मारणं, एवढं परत मिळवता येतं. ते घरात एकटीने मिळवणं फार कठीण आहे. उघड्यावर, चार माणसांत, खुर्चीवर बसून मिळवणं तितकं कठीण नाही. या सोमवारी डॉक्टरांकडे जा, "मी हळू योग सुरू केला तर चालेल ना, आणि काय टाळू?" एवढंच विचार. मंगळवारपासून वर्गाला जा. वर्ग नसेल तर गल्लीतल्या चौघींना गोळा कर, पहिल्या आठवड्यात मी धुळ्याला येऊन राहीन आणि सोबत बसेन.

आणि हे पत्र वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारी "आते माले काही जमाव नही" असं बोलून बसलेलं एक तरी माणूस असेल. उद्या सकाळी त्यांच्या दारावर थाप द्या आणि त्यांना सोबत घेऊन जा.

तुझी धाकटी बहीण